जर्मनचा गंज

हसणाऱ्यांत मीही होते. हे आधी लिहून टाकते. पुढं लिहिताना ते झाकून ठेवायचा मोह होईल.

वाशिमला एक संग्रहालय आहे. पूर्वी तिथं दवाखाना होता. थोरले डॉक्टर तो चालवायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं, तेही डॉक्टरच, त्या इमारतीत जुनी औषधं, चिमटे, काचेच्या पिचकाऱ्या, खलबत्ते मांडून ठेवले. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता तिथं वैद्यकाच्या इतिहासावर व्याख्यान असतं. कुणीही यावं. त्या शनिवारी विषय होता, बाळंतपणाचा इतिहास. बोलणार होते स्वतः धाकटे डॉक्टर.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी दोन निवृत्त शिक्षिका, मागं नर्सिंग कॉलेजच्या मुली, पुढं गावातले डॉक्टर आणि त्यांच्या बायका. टेबलावर हिरवं कापड, आणि कापडावर जर्मनचा एक गंज. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि उभट, खोल पातेल्याला गंज. काठाला दोन पोचे. बूड काळं. कान एकच, दुसरा कधीच तुटून गेलेला.

डॉक्टरांनी बोलता बोलता गंज एका हातानं उचलला. सभागृहाला दाखवला. म्हणाले, "हे आमच्या नव्या वस्तूंपैकी. एका दाईचं भांडं. यात बाळंतपणाचं पाणी तापायचं म्हणे. इतर दिवशी यात काय शिजत असेल, ते मात्र विचारू नका."

सभागृह हसलं. मोठ्यानं नाही. सुशिक्षित माणसं हसतात तसं, नाकातून. काय शिजत असेल ते सगळ्यांना कळलं होतं. कुणाच्या घरात काय शिजतं, हे आमच्या भागात न सांगता कळतं. शेजारच्या शिक्षिकेनं हसत माझ्याकडं पाहिलं. आणि माझे ओठ ताणले गेले. मीही हसले.

तो गंज माझ्या मायचा होता. तिला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

माझी माय दाई होती. रिठदच्या बाजूला आमचं खेडं आहे. त्या खेड्यात आणि आजूबाजूच्या तीन-चार वस्त्यांत तिनं उभ्या आयुष्यात किती पोरं सोडवली, ते तिला ठाऊक नव्हतं. मला तर नाहीच. मी विचारलंच नाही. मी वाचत बसायचे. अपरात्री कुणी बोलवायला आलं की ती उठायची, आणि मी कूस बदलून झोपायचे. सकाळी चुलीपाशी पालथा घातलेला गंज दिसला की समजायचं, गावात कुणीतरी जन्मलं.

हा गंज तिच्याकडं का होता, ते सांगायला हवं.

ज्या घरी बाळंतपण असायचं त्या घरात मायला पुढच्या दारानं जाता येत नसे. बाई गोठ्याच्या कडेला नाहीतर मागच्या अंधाऱ्या खोलीत अडलेली असायची. मायनं तिच्या अंगाला हात लावायचा, तिच्या पोटातलं पोर ओढायचं, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. हे सगळं चालायचं. पण घरातल्या भांड्याला तिनं हात लावलेला चालत नव्हता. पाणी वरून ओततील. भांडं देणार नाहीत. भांड्याला हात लावू नको, हे वाक्य तिनं दर घरी ऐकलं असेल.

ती नवी नवी दाई झाली तेव्हाची गोष्ट तिनं मला एकदा सांगितली होती. एका घरी नाळ कापायला त्यांनी कडबा कापायचा विळा दिला. तोही जमिनीवर टाकला, तिनं उचलला. बांधायला गोठ्यातल्या दाव्याचा धागा. आठव्या दिवशी पोराचा जबडा बसला, अंग कमानीसारखं वाकलं, पोर गेलं. गावात बोभाटा झाला, की दाईचा हात वाईट. महिनाभर तिला कुणी बोलावलं नाही. ती घरी बसून विचार करत राहिली. विळा त्यांचा. धागा त्यांचा. चिंधी त्यांची. माझा फक्त हात.

मग रिसोडच्या बाजारातून तिनं हा गंज आणला. दाढीची नवी पत्ती आणली, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणलं. त्यानंतर ज्या घरी गेली तिथं स्वतःचा गंज घेऊन गेली. अंगणात तीन दगड मांडायची, आणि पत्ती, दोरा, फडकं, सगळं त्यात टाकून उकळायची. मग त्याच पाण्यात हात घालायची. सोसेल तितक्या गरम पाण्यात. तिच्या हातांची कातडी कायम सोललेली असायची. लहानपणी ती मला जवळ घ्यायची तेव्हा ते हात मला खरखरीत लागायचे, आणि मी अंग चोरायचे.

मी एकदा तिला विचारलं होतं, "माय, एवढं कायले उकयतं?"

"हात माहा वाईट म्हनते ना ते," ती म्हणाली. "मंग म्या म्हटलं, हातासकट सारंच उकयून घेतो."

किती वेळ उकळायचं, त्याचं तिचं माप होतं. घड्याळ नव्हतं. उकळी फुटली की ती चुलीत एक अख्खी गोवरी सारायची. ती पुरी जळून राख झाली की मगच गंज उतरायचा. त्याआधी घरच्या बाया कितीही ओरडोत, आतली बाई कितीही किंचाळो. तिच्या हातची पोरं जबडा बसून गेल्याचं त्यानंतर मी ऐकलं नाही. कुणी तिला त्याबद्दल चांगलं म्हटल्याचंही ऐकलं नाही. बाराव्या दिवशी घर सारवून, गोमूत्र शिंपडून झालं की तिचं त्या घरातलं काम संपायचं. पुढं ते पोर मोठं होऊन रस्त्यात भेटलं तर तिच्या सावलीपासून दोन पावलं लांब जायचं. माय हसायची. म्हणायची, "याले पयला हात म्याच लावला. आता बाटते मुडदा."

थोरले डॉक्टर आमच्या दारात आले होते. मी सात-आठ वर्षांची होते. कसलंतरी शिबिर होतं, गावोगावच्या दायांना भेटत ते फिरत होते. आमच्या अंगणात बाजेवर बसले. मायनं चहा दिला, तो त्यांनी घेतला. वस्तीत दिवसभर त्याचीच चर्चा झाली, डॉक्टर चहा प्याले. त्यांनी विचारलं, तुमच्या हातची पोरं धनुर्वातानं जात नाहीत असं ऐकतो, तुम्ही करता काय? मायनं गंज आणला, तीन दगड मांडले आणि करून दाखवलं. पत्ती, दोरा, फडकं, गोवरी. ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत राहिले. गोवरी राख होईपर्यंत बसले. मी त्यांच्या पेनाकडं पाहत उभी होते, तसं पेन मला हवं होतं म्हणून मला हे सगळं आठवतं.

ते वाईट नव्हते. त्यांनी चहा घेतला. ऐकलं. लिहून घेतलं. फक्त मायचं नाव विचारलं नाही.

मी शिकले. रिसोडला एका शाळेत ग्रंथपाल झाले. घर घेतलं. जयंतीला वस्तीत माझं भाषण ठेवतात, स्वाभिमानावर मी चांगलं बोलते. आणि माझ्या स्वतःच्या बाळंतपणाला काय केलं, तेही लिहिते.

वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात मी भरती होते. कळा सुरू झाल्यावर माय गावाहून एसटीनं आली. पिशवीत गंज. नर्सनं पिशवीत डोकावून पाहिलं, नाक मुरडलं, विचारलं, "ही कोण बाई?" खोलीत पलीकडच्या खाटेवर एक वकीलबाई होत्या. त्या दोन दिवस माझ्याशी पुस्तकांबद्दल बोलत होत्या. मी म्हणाले, "गावाकडच्या आहेत. ओळखीच्या."

मायनं ऐकलं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, गंज मांडीवर घेऊन. माझी मुलगी झाली तेव्हा दारातून एकदा पाहिलं. हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी निघून गेली. पुढं वीस वर्षं ती माझ्याशी चांगलंच बोलली, माझ्या मुलीचे लाड केले, पण त्या गोष्टीवर एक शब्द काढला नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "माहा गंज कुठी हाय?" मी म्हटलं, खाटेखाली आहे. तिनं हात खाली सोडून चाचपडून पाहिला. मला तेव्हा बोलायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी तिचं पांघरूण नीट केलं.

ती गेल्यावर मला घरात तो गंज बघवेना. टाकवेना. वर्तमानपत्रात संग्रहालयाचं निवेदन आलं होतं, जुन्या वैद्यकीय वस्तू असतील तर द्याव्यात. मला वाटलं, काचेच्या कपाटात राहील. वर दिवा असेल. लोक थांबून बघतील. गावानं जे केलं नाही ते काच करेल. गंज घासायचा की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी तसाच नेला. सोबत चांगल्या अक्षरात लिहिलेली दोन पानं जोडली, 'एक दाई' एवढंच म्हणून, नाव न घालता. तीन दगड, पत्ती, दोरा, गोवरी, थोरल्या डॉक्टरांची भेट, सगळं त्यात लिहिलं.

तिथं एक अर्ज भरायचा होता. वस्तूचं नाव. गाव. वस्तू वापरणाऱ्याचं नाव. दात्याचं त्या व्यक्तीशी नातं. टेबलापलीकडची बाई माझ्याकडं बघत होती. माझी पर्स, माझा चष्मा, माझी साडी बघत होती. मी शेवटच्या दोन जागा कोऱ्या सोडल्या.

ती मेली होती. आता कुणाला लाजत होते मी?

तर त्या शनिवारी मी हसले. आणि डॉक्टर पुढं बोलत राहिले. त्यांनी पडद्यावर वडिलांचा फोटो दाखवला. म्हणाले, त्या काळात या भागात नवजात मुलं धनुर्वातानं पटापट मरायची. या अडाणी बायांना स्वच्छता म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी खेडोपाडी फिरून त्यांना पत्ती आणि दोरा उकळायला शिकवलं. तीन दगडांची चूल, एक भांडं, इतकी साधी पद्धत त्यांनी शोधून काढली.

टाळ्या वाजल्या. माझे हात मांडीवरच राहिले. ओठांवरचं हसू तसंच होतं. ते खाली उतरायला वेळ लागला. चेहरा कुणाचातरी दुसऱ्याचा असावा तसं वाटत होतं. तीन दगड. ते माझ्या पानांत होतं. आधी निळ्या वहीत होतं. त्याच्याही आधी आमच्या अंगणात होतं.

प्रश्नांसाठी माईक फिरवला गेला. मी हात वर केला. इतक्या वर्षांत कुठल्याही सभेत मी आपण होऊन हात वर केला नव्हता. माईक हातात आला. शेवटी एकच वाक्य निघालं. "तो गंज माझ्या आईचा आहे."

सगळे वळून बघायला लागले. शेजारच्या शिक्षिकेनं आपली पर्स मांडीवर ओढून घेतली. का, ते तिलाही कळलं नसेल.

डॉक्टर प्रसन्न हसले. "अरे वा! म्हणजे आमच्या बाबांची विद्यार्थिनीच की तुमची आई." आणि सभागृहाकडं वळून म्हणाले, "एका दाईची मुलगी आज आपल्यात बसून व्याख्यान ऐकते आहे. बाबांच्या कार्याचं यापेक्षा मोठं फळ काय?"

पुन्हा टाळ्या. या वेळी माझ्यासाठी. मी खाली बसले. माईक कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला.

त्या पाच-सहा मिनिटांत काय झालं ते नीट सांगता येत नाही. मला वाटलं, संपलं. आता ती कायमची त्यांची विद्यार्थिनी झाली. मी कोरी सोडलेली जागा त्यांनी भरली, त्यात त्यांचं काय चुकलं? मीच तिला दवाखान्याच्या बाकावर बसवलं, मीच कपाटात बसवलं. मला उठून बस स्टँडवर जायचं होतं आणि रिसोडच्या गाडीत बसून खिडकीकडं तोंड करायचं होतं. तेही जमेना.

सभागृह रिकामं होत आलं तेव्हा मी टेबलापाशी गेले. गंजाशेजारी पाटी ठेवली होती, ती मी तोवर वाचली नव्हती. "ग्रामीण दाईचे भांडे. नाव अज्ञात. वैद्यकपूर्व काळ."

वैद्यकपूर्व काळ. मी त्या काळात जन्मले. त्याच गंजातल्या दोऱ्यानं माझी नाळ बांधली गेली. मायनं स्वतःच्या हातानं बांधली होती, दुसरी दाई नव्हती म्हणून.

मी हात पुढं केला. अर्ज घेणारी ती बाई, आता हातमोजे घातलेली, घाईनं आली. म्हणाली, "मॅडम, भांड्याला हात लावू नका."

ती नियमच सांगत होती. तिचा काही दोष नव्हता. पण मला ते वाक्य नवं नव्हतं. ते वाक्य चुकवायलाच माझ्या मायनं हा गंज विकत घेतला होता. जगात हे एक भांडं होतं ज्याला हात लावू नको असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं.

मी गंज उचलला. दोन्ही हातांनी, आणि पोटाशी धरला. तो हलका होता. इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टर आले. त्या बाईला म्हणाले, "असू द्या, असू द्या. भावनेचा प्रश्न आहे."

"भावनेचा नाही," मी म्हणाले. "पत्ती उकळण्याचा प्रश्न आहे. तुमच्या वडिलांनी माझ्या आईला शिकवलं नाही. तिनं त्यांना शिकवलं. आमच्या अंगणात. मी तिथं उभी होते."

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं, की आठवण वेगळी आणि इतिहास वेगळा. इतिहासाला कागद लागतो. माझी दोन पानं त्यांनी वाचली होती, छान लिहिली होती, पण ती पानं म्हणजे पुरावा नव्हे.

"मग निळी वही काढा," मी म्हणाले.

त्यांची नजर वर गेली. एवढंसंच. मग म्हणाले, बाबांच्या वह्या पुष्कळ आहेत, वरच्या कपाटात आहेत, बघू कधीतरी. वही नाही, असं ते म्हणाले नाहीत.

दारापाशी एक बाई थांबली होती. पन्नाशीची, खांद्याला मोठी पिशवी. कुठल्यातरी आरोग्य उपकेंद्रातली नर्स, एएनएम असावी, बोलण्यावरून इकडचीच. ती जवळ आली, गंजात वाकून बघितलं आणि मला विचारलं, "किती वेळ उकयत व्हत्या त्या?"

दोन तासांत तेवढा एकच खरा प्रश्न मी ऐकला. मी सांगितलं, उकळी फुटल्यावर एक अख्खी गोवरी जळून राख होईपर्यंत. तिनं मनात हिशेब केला. म्हणाली, "मंग बराबर हाय. पुरते तेवढं." आणि बस गाठायला निघून गेली.

मला रडू आलं नाही. मायसाठी मी पुष्कळ रडले होते. त्या क्षणी समजलं, की त्यातलं निम्मं रडणं स्वतःसाठी होतं.

मी गंज टेबलावर ठेवला. घरी नेता आला असता. कुणी अडवलं नसतं, उलट सुटका झाली असती त्यांची. पण घरी तो पुन्हा खाटेखाली गेला असता आणि इथं पाटी तशीच राहिली असती, नुसती भांड्याशिवाय. मी माझा अर्ज मागितला. त्या बाईनं डॉक्टरांकडं बघितलं, मग फाइलमधून काढून दिला. मी उभ्या उभ्या भरला. वस्तू वापरणाऱ्याचं नाव, कौसाबाई. दात्याचं नातं, मुलगी. अक्षर वाईट आलं. ते तसंच राहू दिलं.

पाटी समितीच्या बैठकीशिवाय बदलत नाही, असं मला सांगण्यात आलं. बैठक कधी, ते कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर आता दोन व्याख्यानं झाली. मी दोन्ही वेळा गेले. एकदा विषय देवीच्या रोगाचा होता, एकदा चष्म्यांचा. मी पहिल्या रांगेत बसले. प्रश्नांची वेळ आली की हात वर केला आणि तेच विचारलं. कौसाबाईचं नाव पाटीवर कधी लागणार? निळी वही कधी उघडणार? दुसऱ्या वेळी माईक माझ्यापर्यंत आलाच नाही. मी माईकशिवाय विचारलं. ओळखीच्या लोकांनी मान वळवली. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, म्हणाले, तुम्ही तर शांत बाई, हे काय काढलंत?

शांत होते. त्या शांततेनं मी माझ्या मायला तिच्या हयातीत बाकावर बसवून ठेवलं. ते आता मिटत नाही. पाटी बदलली तरी मिटणार नाही. तिला ऐकू जाणार नाही. क्षमा मागायची वेळ मी पांघरूण नीट करण्यात घालवली, आणि ती वेळ परत येत नसते. मला समाधान नको आहे. ते माझ्या वाट्याचं नाही.

वही मागणारा लेखी अर्ज मी दिला आहे. पोच घेतली आहे. वह्या, कपाटं, नोंदी, हे माझं रोजचं काम आहे. कुठली वही कुठं हरवते आणि कुठली हरवली असं सांगितलं जातं, ते मला कळतं. हा अर्ज फेटाळला तर दुसरा देईन. दर दुसऱ्या शनिवारी चार वाजता मी पहिल्या रांगेत असेन. कुणी हसलं तर उभी राहीन, आणि कशाला हसलात ते त्यांना मोठ्यानं सांगायला लावीन.

गंज तिथंच राहील. ती पाटी राहणार नाही.